टाकलेल्या वस्तूंचं पुढे काय होतं? नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वस्तीत ओला-सुका कचरा वेगळा करण्याच्या कामाला आम्ही काही शेजारी लागलो, तेव्हापासून फोनवर, जिन्यात, भाजीच्या ठेल्यावर तेच तेच प्रश्न येत राहतात. ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्र वाचता येईल. एखादी गोष्ट दुसरीकडे सविस्तर आली असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सकाळी गाडीत टाकलेला कचरा शेवटी जातो कुठे?

भांडेवाडीला. महापालिकेच्या दहाही झोनमध्ये घरोघरी फिरणाऱ्या छोट्या गाड्या भरल्या की त्यांतला माल मोठ्या वाहनात चढतो आणि पूर्व नागपुरात, पारडीच्या बाजूला असलेल्या भांडेवाडीच्या डंपिंग यार्डात उतरतो. १९६०च्या दशकापासून शहराचा कचरा तिथे जातो आहे. आज रोजचं वजन हजार टनांच्या वर आहे.

तिथे काय होणार हे कचरा कोणत्या अवस्थेत पोचला त्यावर ठरतं. निव्वळ ओला असेल तर त्याचं खत करता येतं. कोरडा असेल तर विकण्याजोगं बाजूला निघतं आणि उरलेलं प्लास्टिक, चिंध्या सिमेंटच्या भट्ट्यांना जळण म्हणून देता येतात. सगळं कालवलेलं असेल तर ते ढिगावर पडतं. ढिगाच्या पोटात हवा पोचत नाही, त्यामुळे अन्न कुजताना मिथेन तयार होतो, आणि मिथेन पेटणारा वायू आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की भांडेवाडीत आगी का लागतात आणि लागल्यावर लवकर का विझत नाहीत, याचं बरंचसं उत्तर यात आहे. वरून पाणी मारलं तरी आतला भाग धुमसत राहतो.

जुन्या ढिगांवर ‘बायोमायनिंग’ केलं जातं. म्हणजे वर्षानुवर्षांचा कचरा उकरायचा, वाळवायचा, मोठ्या फिरत्या चाळणीतून काढायचा आणि माती, दगड, जळण असे भाग वेगळे करायचे. घरात दोन मिनिटांत जे झालं असतं ते तिथे यंत्रं लावून, पैसे मोजून करावं लागतं.

२. गाडीवाला सगळं एकत्रच करतो. मग आम्ही वेगळं काहून करायचं?

सर्वात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, आणि तो विचारणारे लोक आळशी नसतात. महिनाभर नेमाने दोन डबे ठेवायचे आणि डोळ्यांसमोर दोन्ही एकाच खणात उलटलेले पाहायचे, यात कोणाचंही मन उतरतं.

तरीही वेगळं करायचं, कारण वस्तूची किंमत तिच्या कोरडेपणात असते. सकाळचं वर्तमानपत्र संध्याकाळी रद्दीत विकलं जातं. त्यावर कालचं वरण सांडलं की ते कोणी घेत नाही. कागद तोच, पण त्याची लगद्यापर्यंतची वाट बंद झाली. पुठ्ठा, कापड, दुधाची पन्नी यांचंही तसंच. आणि उलट बाजूने, भाजीच्या सालांमध्ये एक फुटलेली काचेची बाटली पडली की त्या सालांचं खत शेतकरी हातात घेणार नाही. एकत्र केल्याने दोन्हींचं नुकसान होतं.

आता गाडीचं काय करायचं? आमच्या अनुभवात एकच उपाय टिकला: सुका कचरा रोजच्या गाडीत द्यायचाच नाही. बाल्कनीत किंवा जिन्याखाली एक चुंगडी, म्हणजे पोतं, ठेवा. बाटल्या, पुठ्ठे, दुधाच्या धुतलेल्या पन्न्या, डबे त्यात साठू द्या. पंधरा दिवसांनी कबाडीला बोलवा किंवा तुमच्या गल्लीत पहाटे कचरा वेचायला येणाऱ्या बाईंना सांगून ठेवा. ओला आणि सुका एकाच दिवशी एकाच वाहनात चढत नसेल तर कोणी त्यांना एकत्र करू शकत नाही.

त्याबरोबर तक्रारही करा. गाडीचा क्रमांक, दिवस, वेळ आणि फोटो घेऊन झोन कार्यालयाच्या आरोग्य विभागात लेखी द्या. वर्गीकरण केलेला कचरा वेगळाच वाहून नेणं ही नियमाने महापालिकेची जबाबदारी आहे. एका घराची तक्रार बाजूला राहते, पूर्ण इमारतीच्या सह्यांची राहत नाही. गाडीवर काम करणाऱ्या माणसाशी भांडू नका. त्याच्या गाडीला खणच दिले नसतील तर तो तरी काय करील?

३. घरात नेमके किती डबे लागतात?

दोन डबे, एक चुंगडी आणि एक खोका. ओल्याचा डबा झाकणाचा, रोज रिकामा होणारा. दुसरा छोटा डबा सॅनिटरी पॅड, डायपर, पट्ट्या यांचा. चुंगडी सुक्याची. खोका बॅटऱ्या, बल्ब, जुनी औषधं अशा धोक्याच्या वस्तूंचा, तो भरायला सहा महिनेही लागतात. २०१६च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग घरातच करणं बंधनकारक केलं. सॅनिटरी कचरा निराळा बांधणं त्यातच सांगितलं होतं.

४. लोक चांगल्या वस्तू टाकून तरी का देतात?

एकच कारण शोधायला गेलं तर सापडत नाही. आमच्याकडे येणाऱ्या सामानावरून आणि त्याबरोबर सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींवरून काही कारणं वारंवार दिसतात.

पहिलं म्हणजे जागा. महाल, इतवारीतल्या जुन्या घरांना माळा असायचा, ओसरी असायची. तांब्याचा बंब, पितळी घागरी, मोडकी आरामखुर्ची तिथे वर्षानुवर्षं पडून राहायची आणि एखाद्या दिवशी कामालाही यायची. तेच कुटुंब बेसा किंवा मनीषनगरला दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये जातं तेव्हा माळा मागे राहतो. घर बदलण्याचा आठवडा हा सर्वात जास्त टाकण्याचा आठवडा असतो, आणि घाईत टाकलेल्या वस्तूंना नवा धनी शोधायला कोणाला वेळ नसतो.

दुसरं, दुरुस्ती. मिक्सरचं भांडं गळतं, मिक्सर चांगला असतो. सुटा भाग मिळत नाही, मिळाला तर नव्या मिक्सरच्या निम्म्या किमतीचा. स्क्रूच्या जागी गोंदाने चिकटवलेल्या वस्तू उघडताच येत नाहीत. सीताबर्डीच्या गल्ल्यांत अजून हात चालणारे कारागीर आहेत, पण ज्याची रचनाच न उघडण्यासाठी केली आहे त्यापुढे त्यांचाही इलाज चालत नाही.

तिसरं, लोकांची नजर. दिवाळीच्या आधी, लग्नघरी रंग लागण्याच्या आधी जे बाहेर जातं त्यातलं बरंच निकामी नसतं, पाहुण्यांसमोर ठेवायला नको असतं.

चौथं कारण लोक उशिरा सांगतात: काही वस्तू डोळ्यांसमोर नको होतात. त्याबद्दल प्रश्न १२ मध्ये लिहिलं आहे.

आणि एक सवय आहे जी मला फार खटकते. फाटलेलं, तुटलेलं, शिळं असं सगळं घरकामाच्या बाईंना ‘देऊन टाकणं’. त्यात देणं थोडं आणि टाकणं जास्त असतं. नको असलेली वस्तू त्यांना आपल्या झोपडीजवळच्या नालीपर्यंत उचलून न्यावी लागते, कारण मालकिणीला नाही म्हणता येत नाही. द्यायचं असेल तर आधी विचारा, ‘ताई, याचा उपयोग होईल का?’ आणि ‘नाही’ हे उत्तर सहज स्वीकारा.

५. नको ते बाहेर टाकणं ही आपली परंपराच ना? मारबत काय असते मग?

मारबतीचं नाव या संदर्भात बरेच जण घेतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, काळी आणि पिवळी मारबत हे बाईच्या रूपातले मोठे पुतळे मिरवणुकीने निघतात, सोबत बडगे, म्हणजे पुरुषाचे पुतळे, असतात. १९व्या शतकापासून नागपुरात हे चालत आलं आहे. ‘ईडा, पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत’ असं ओरडत लोक तिला निरोप देतात आणि शेवटी तिचं दहन होतं. गावांकडे पोळ्याला दाराशी लावलेल्या पळसाच्या फांद्या दुसऱ्या दिवशी सकाळी शिवेबाहेर नेऊन टाकतात.

त्या रीतीत एक गोष्ट गृहीत आहे: शिवेपलीकडे कोणी राहत नाही. भांडेवाडी डंपिंगसाठी निवडली तेव्हा ती शहराची शीव होती. आज तिच्या चहूबाजूंनी वस्त्या आहेत, लेआउट आहेत, शाळेत जाणारी पोरं आहेत. धूर त्यांच्या घरात जातो, पावसाळ्यात ढिगातून झिरपणारं काळं पाणी त्यांच्या विहिरींच्या दिशेने जातं. मारबत जरूर काढावी. आपल्या घरची पीडा मात्र आता कोणाच्या तरी अंगणात पडते आहे.

६. कबाडी काय घेतो, काय घेत नाही, आणि त्याचं पुढे काय करतो?

घेतो ते असं: लोखंड, पत्रा, ॲल्युमिनियम, तांबं, पितळ, पुठ्ठा, रद्दी, पाण्याच्या बाटल्या, जाड प्लास्टिक, दुधाच्या पन्न्या, काही काचेच्या बाटल्या. घेत नाही ते: वेफर्सची चकचकीत पाकिटं, टूथपेस्टच्या ट्यूब, थर्माकोल, फुटकी काच, चिनी मातीची भांडी, बल्ब.

ही साखळी लांब आहे. वेचणाऱ्या बाईकडून गल्लीतला कबाडी, त्याच्याकडून एकाच मालाचा मोठा गोदामवाला, तिथून कारखाना. प्रत्येक टप्प्यावर माल आणखी बारकाईने निवडला जातो आणि भाव वाढतो. सर्वात कमी पैसे सर्वात आधी वाकणाऱ्या हातांना मिळतात.

लोखंडाचं भंगार वितळवणाऱ्या भट्ट्यांकडे जातं. महाराष्ट्रात जालना हे त्याचं मोठं ठिकाण, आणि तिथून ते बांधकामाच्या सळ्या होऊन परत येतं. पुठ्ठ्याचा पुन्हा पुठ्ठा होतो, मात्र दर खेपेला धागा आखूड होतो, म्हणून त्यात नवा लगदा मिसळावा लागतो. पाण्याच्या बाटलीचे तुकडे करून धुतात. तेव्हा झाकण लावलेलं असलं तरी अडत नाही, कारण बाटलीचं प्लास्टिक पाण्यात बुडतं आणि झाकणाचं तरंगतं, दोन्ही टाक्यातच वेगळे होतात. बाटलीच्या तुकड्यांपासून पॉलिस्टरचा धागा निघतो आणि त्याचे कपडे, ब्लँकेट, उश्यांची भरणी बनते. बाटलीपासून पुन्हा बाटली होणं त्या मानाने कमी.

दुधाची पन्नी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, लटकता ठेवा. तो इवलासा तुकडा चाळणीत, नालीत, सगळीकडून निसटतो. पन्नी मात्र धुऊन वाळवली तर विकली जाते.

वायर जाळून तांबं काढणारे काही जण असतात. त्या धुरात विषारी वायू असतात. तुमच्या कबाडीकडे असं होत असेल तर त्याला वायर देऊ नका आणि प्रश्न १३ मधला मार्ग धरा.

७. खर्र्याच्या पन्न्या कुठे टाकायच्या?

नालीत, रस्त्यावर, पानठेल्याच्या मागे कुठेच नाही. नागपुरात खर्रा, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुन्याचं मिश्रण, पन्नीवर घोटतात आणि त्याच पन्नीत बांधून देतात. ती इतकी हलकी आणि तंबाखू-चुन्याने इतकी बरबटलेली असते की एकही कबाडी तिला हात लावत नाही. म्हणजे ती जिथे पडते तिथेच राहते, पहिल्या पावसात वाहते आणि नालीच्या जाळीवर थापली जाते. एक पन्नी काही करत नाही, पण पानठेल्यामागची नाली पावसाळ्याआधी एकदा उघडून पाहा.

खाणाऱ्याने खिशात एक रिकामी बाटली ठेवावी, पन्न्या त्यात कोंबाव्या आणि बाटली भरल्यावर सुक्या कचऱ्यात द्यावी. तिथून निदान भट्टीच्या जळणात जाण्याची शक्यता असते. पानठेलेवाल्याने समोर एक डबा ठेवला आणि रोज रात्री तो सुक्यात दिला तर निम्मं काम होतं. खर्रा सोडला तर सगळंच होतं, आणि हे मी तोंडाच्या कॅन्सरने आपली माणसं गमावलेल्या या शहरात मनापासून सांगते आहे.

८. कूलरच्या जुन्या ताट्यांचं काय करू?

मार्चमध्ये हा प्रश्न हमखास येतो. ताटीत तीन वस्तू असतात: लाकडाचा भुसा किंवा खस, तारेची जाळी आणि चौकट. जाळी सोडवून लोखंडात द्या. लाकडी भुसा वाळवून खताच्या गड्ड्यात सुकं साहित्य म्हणून थोडा थोडा वापरता येतो. त्यावर पांढरे क्षार साचलेले असतील तर आधी एकदा पाण्यात बुचकळून घ्या. खसही चालते, पण सावकाश कुजते, ती कुंड्यांमध्ये मातीवर पसरली तर उन्हाळ्यात ओल टिकते.

मधाच्या पोळ्यासारखे दिसणारे नवे पॅड खतात घालू नका. तो कागद असला तरी त्याला रेझिन लावलेलं असतं. ते सुक्या कचऱ्यातच.

९. संत्र्याच्या सालांनी खत खराब होतं का?

नाही. सालीतल्या तेलामुळे ती थोडी उशिरा कुजते, एवढंच. हिवाळ्यात आंबिया बहाराची आणि पुढे मृग बहाराची संत्री येतात तेव्हा घरोघरी सालांचे ढीग होतात. त्या हाताने तोडून, एकाच थरात न घालता वाळल्या पाल्याबरोबर मिसळा. आलूची सालं, सांबाराच्या (कोथिंबिरीच्या) काड्या, चहाचा चोथा, सगळं चालतं. शिजवलेलं अन्न कमी घाला, तेलकट नकोच.

नागपुरात खत बिघडतं ते हवामानामुळे. एप्रिल-मेमध्ये गड्डा वाळून थांबतो, दोन दिवसांआड पाणी शिंपडावं लागतं. पावसाळ्यात उलटं, झाकण नसेल तर घाण वास सुटतो आणि अळ्या होतात. वास आला की सुका पाला किंवा लाकडाचा भुसा घालून हलवा, दोन दिवसांत जातो.

१०. निर्माल्य नदीत सोडलं तर काय बिघडतं? फुलंच आहेत ना?

फुलांबरोबर पन्नी, दोरा, थर्माकोलचं मखर, अगरबत्तीचा पुडा असं बरंच काही जातं. पण निव्वळ फुलं असली तरी ती पाण्यात कुजताना पाण्यातला ऑक्सिजन घेतात, आणि नाग नदीत मुळातच तो उरलेला नाही. नाग नदी लाव्ह्याच्या टेकड्यांतून येते, अंबाझरीतून शहरात शिरते, पूर्वेकडे पिवळी नदीला घेऊन कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. म्हणजे शहराने नदीत सोडलेलं सगळं गोसेखुर्दच्या जलाशयात पोचतं, जिथे भंडारा जिल्ह्यातले लोक मासे धरतात आणि शेतीला पाणी घेतात.

निर्माल्य कुंडीतल्या मातीत पुरलं तर महिना-दीड महिन्यात माती होतं. विसर्जनाच्या दिवसांत निर्माल्य कलश असतात, तिथेही द्या, पण पन्नीतून काढून.

११. भंगलेली मूर्ती, देवाचे जुने फोटो कचऱ्यात कसे टाकणार?

टाकू नका, वेगळे करा. झाडाखाली ठेवून आल्याने त्यांचा मान राहत नाही, पावसात रंग उतरतो आणि कोणाची तरी लाथ लागते. फोटो असेल तर काच, चौकट आणि कागद सुटे करा. कागदाला नमस्कार करून तो पाण्यात भिजवून मातीत पुरा, चौकट लाकडात, काच जाड कागदात गुंडाळून त्यावर ‘काच’ लिहून द्या. धातूची मूर्ती तांबटाकडे द्या, ती वितळून पुन्हा रूप घेते.

प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती साध्या पाण्यात विरघळत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटची पद्धत शोधली आहे. बादलीत त्याच्या द्रावणात मूर्ती ठेवली की ती हळूहळू विरघळते. वर उरणारं पाणी अमोनियम सल्फेटचं, ते पातळ करून झाडांना खत म्हणून चालतं. तळाशी खडूसारखा साका बसतो. पुढच्या वर्षी मातीची मूर्ती आणली तर ही खटपटच लागत नाही.

१२. वडील गेले. त्यांच्या कपड्यांचं काय करावं कळत नाही.

घाई करू नका. तेरवीच्या आत सगळं रिकामं करून टाका, असं सांगणारे नातेवाईक असतात. नंतर एखादा सदरा ठेवायला हवा होता असं वाटलं तर तो परत मिळत नाही. आधी घरातल्या प्रत्येकाला एक-एक वस्तू निवडू द्या. चष्मा, पेन, गळ्यातला मफलर, जे हवं ते.

उरलेल्यांतले चांगले कपडे धुऊन, इस्त्री करून, गुंड्या लावून द्या. मेडिकल कॉलेज आणि मेयो रुग्णालयात खेड्यांतून आलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांना थंडीत स्वेटर-शालींची खरी गरज असते. तिथल्या वॉर्डात काम करणाऱ्या समाजसेवा अधीक्षकांना विचारून द्या, परस्पर वाटू नका. लुगडी, धोतरं मऊ असतात, गोधडीला त्याहून चांगलं कापड नाही. जुने कपडे घेऊन भांडी देणाऱ्या बायांकडे दिलेले कपडे निवडून, शिवून जुन्या बाजारात विकले जातात. लोकरीचे फाटके कपडे पानिपतपर्यंत जातात, तिथे ते उसवून पुन्हा धागा काढतात आणि ब्लँकेट विणतात. अगदी चिंध्या झालेल्या सुती कपड्यांना गॅरेजवाले घेतात. देताना खिसे तपासा. खिशात चिठ्ठ्या सापडतात.

औषधांसाठी प्रश्न १४ पाहा.

१३. जुने मोबाइल, चार्जर, बॅटऱ्या, ट्यूबलाइट?

रोजच्या गाडीत कधीच नाही. मोबाइलची लिथियम बॅटरी दाबली गेली किंवा टोचली गेली की पेटते, आणि कचरागाडीत तेच होतं. फुगलेली बॅटरी असेल तर चार्ज करू नका, टोचू नका, वाळूच्या डब्यात ठेवा.

ई-कचऱ्याचे २०२२चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांनुसार वस्तू बनवणाऱ्या कंपन्यांवरच ती नोंदणीकृत पुनर्वापर केंद्रांकडून हाताळून घेण्याची जबाबदारी आहे. म्हणून आधी त्या ब्रँडच्या सेवा केंद्रात विचारा. मोबाइल देण्याआधी सिम, मेमरी कार्ड काढा, खात्यातून बाहेर पडा आणि फॅक्टरी रीसेट करा.

इन्व्हर्टरची बॅटरी शिशाची असते. दुकानदार जुनी घेऊन नवीच्या किमतीत सूट देतो, तोच योग्य मार्ग. ती फोडून आम्ल नालीत ओतणाऱ्याला देऊ नका. ट्यूबलाइट आणि सीएफएलमध्ये पारा असतो. फुटली तर खिडक्या उघडा, पंधरा मिनिटं खोलीबाहेर थांबा, मग जाड कागदाने तुकडे गोळा करून बरणीत बंद करा. झाडू मारू नका, पारा पसरतो. एलईडी बल्बमध्ये पारा नसतो, पण तोही ई-कचराच.

१४. मुदत संपलेली औषधं, इन्सुलिनच्या सुया, पॅड?

सुया जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या बाटलीत साठवा, भरली की टेप लावून ‘सुई’ असं लिहा आणि तुमच्या डॉक्टरांकडे किंवा पॅथॉलॉजी लॅबमध्ये घेतात का विचारा. त्यांचा जैववैद्यकीय कचरा वेगळा उचलला जातो. जुन्या गोळ्या प्रश्न ३ मधल्या धोक्याच्या खोक्यात ठेवा, संडासात ओतू नका, प्रतिजैविकं तर नाहीच. पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात बांधा आणि वरून लाल खूण करा. ती खूण गाडीवर उघड्या हाताने निवड करणाऱ्या बाईसाठी असते.

१५. कापसाच्या गाद्या कचरागाडी घेत नाही. काय करू?

कापसाची गादी टाकायची वस्तूच नाही. पिंजाऱ्याला बोलवा, जुना कापूस पिंजून थोडा नवा घातला की गादी पुन्हा उभी राहते. विदर्भात कापूस मिळायला अडचण नाही. फोमची गादी मात्र पिंजता येत नाही. तिच्यासाठी झोन कार्यालयाला कळवून मोठ्या सामानाची उचल मागा.

अपवाद: पुराच्या पाण्यात भिजलेली गादी. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हा रस्त्यांवर गाद्यांचे ढीग लागले होते. काही जणांनी त्या वाळवून परत वापरल्या. गटारमिश्रित पाणी लागलेली गादी वाळवूनही वापरू नये, पिंजाऱ्यालाही देऊ नये.

१६. घराचं काम काढलं. मलबा कुठे टाकू?

कोपऱ्यावरच्या रिकाम्या प्लॉटवर, तलावाच्या काठी, नाल्यात टाकायला सांगणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला ‘नाही’ म्हणा. मलब्याने नाल्याचं पात्र अरुंद होतं. विटा, फरशा, काँक्रीटच्या मलब्यासाठी २०१६ पासून वेगळे नियम आहेत. झोनला कळवा, शुल्क भरा, उचल होते. मलबा दळून त्याची खडी आणि वाळू करता येते. त्यात थर्माकोल, रंगाचे डबे, लाकूड मिसळू नका.

१७. आमच्याकडे महाप्रसाद आहे, हजार पानं उठतील. नियम काय?

शंभराहून जास्त लोक जमणार असतील तर किमान कामाचे तीन दिवस आधी महापालिकेला कळवणं आणि जागेवरच कचरा वेगळा करणं ही आयोजकाची जबाबदारी आहे. थर्माकोलच्या ताटांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. कागदी पत्रावळीला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, ती खतात जात नाही आणि रद्दीतही नाही. पळसाच्या पानांची पत्रावळ आपल्याच भागातली, जेवल्यावर थेट खताच्या गड्ड्यात जाते.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या चहूबाजूंच्या रस्त्यांवर लाखो लोकांसाठी भोजनदान होतं. तिथे ज्या स्टॉलवर स्टीलची ताटं आणि धुण्याची व्यवस्था असते, त्यामागे कचरा जवळपास दिसत नाही. ताटं भाड्याने मिळतात. धुणाऱ्यांचे पैसे हिशेबात आधीच धरा.

१८. पालापाचोळा जाळला तर काय होतं? तो तर नैसर्गिक आहे.

ओलसर पाला धुमसतो आणि बारीक धूळकणांचा धूर सोडतो, थंडीत तो खालीच अडकतो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५,००० रुपये दंड ठरवला, मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,०००. पाला प्रश्न ९ मधल्या गड्ड्यासाठी सोन्यासारखा असतो.

१९. मी टाकलेल्या वस्तूवर माझा हक्क राहतो का? कोणी उचलली तर ती चोरी का?

दाराबाहेर कचरा म्हणून ठेवलेल्या डब्यातून वेचक बाटली काढतात, तो त्यांच्या पोटाचा भाग आहे. २०१६च्या नियमांनी कचरावेचकांना ओळख देऊन व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारी महापालिकांवर टाकली. त्यांना हुसकावू नका. तुम्हाला कागदपत्रांची काळजी असेल तर ती रास्त आहे: आधारच्या झेरॉक्स, बँकेचे कागद, रुग्णालयाच्या फायली अखंड रद्दीत देऊ नका. क्रमांकाचा भाग फाडून तो ओल्या डब्यात चहाच्या चोथ्यात टाका, बाकीचा कागद रद्दीत.

२०. अंगठी चुकून कचऱ्यात गेली. मिळू शकते का?

मिळते, वेळ कमी गेला असेल तर. पहिल्या तासाला सगळ्यात जास्त महत्त्व आहे, कारण छोटी गाडी अजून तुमच्याच प्रभागात फिरत असते. गाडीचा क्रमांक माहीत नसेल तर गल्लीतल्या सीसीटीव्हीत पाहा, लगेच झोनच्या आरोग्य निरीक्षकांना फोन करा आणि गाडी मोठ्या वाहनात रिकामी होण्याआधी थांबवायची विनंती करा. भांडेवाडीत माल उतरल्यावर शोध जवळपास अशक्य होतो. अंगठी ओल्यात गेली की सुक्यात हे नक्की सांगता आलं तर शोधायचा ढीग अर्ध्यावर येतो. शोधायला स्वतः जा, हातमोजे न्या, आणि मदत करणाऱ्या कामगारांना त्यांच्या वेळेचे पैसे द्या, अंगठी सापडली नाही तरी.